वळणावरचं कपाट

चित्रपट मंडळाच्या खेळाला येताना बाबा खिशात लवंगा घेऊन यायचे. सिनेमा कंटाळवाणा निघाला की एक लवंग दाढेखाली जायची. शेजारी बसलेल्या मला वास आला की कळायचं, आता काही खरं नाही. त्या रविवारी सिनेमा नीट सुरूही झाला नव्हता, तेवढ्यात वास आला.

मंडळाचं सभागृह म्हणजे वाचनालयाच्या तळघरातली लांबट खोली. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, मागे टेबलावर प्रोजेक्टर. आमच्याकडे लागणाऱ्या सिनेमांत माणसं कमी बोलतात आणि खिडक्या जास्त वेळ दिसतात. ही व्याख्या बाबांची. ते दातांचे डॉक्टर, मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, आणि तरीही मंडळाचे सगळ्यात अवघड प्रेक्षक. मी कॉलेजात साहित्य शिकवते. खेळानंतरची चर्चा चालवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे घरातला वाद तळघरात आणि तळघरातला वाद घरी, अशी आमची ने-आण चाललेली असे.

चर्चेचा नियमही बाबांनीच घालून दिलेला. ‘छान होता’, ‘भिडला’, ‘डोक्यावरून गेला’ असलं काही म्हणायचं नाही. सिनेमात नेमकं कुठे आपल्याला काही झालं, ती जागा सांगायची. “पेशंट म्हणतो दुखतंय. मी म्हणतो, बोट ठेवा. तोंडभर दुखत नसतं कुणाचं.” मंडळात त्याला ‘बोट ठेवणं’ असंच म्हणत. प्रत्येकानं एका जागेवर बोट ठेवायचं, सगळ्यांचं झालं की शेवटी चर्चा चालवणाऱ्यानं. त्याशिवाय चहा नाही.

त्या दिवशी दिग्दर्शक स्वतः आला होता. वय तिशीच्या आतबाहेर, पहिलाच सिनेमा. आमच्यासारख्या मंडळांत दाखवून, लोकांचं ऐकून, मग तो शेवटची प्रत तयार करणार होता. प्रोजेक्टरजवळ तो उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

गोष्ट साधी होती. एका घरातली आई जाते. बाप आणि दोन मुलगे घर रिकामं करायला घेतात. मुलगे वरच्या मजल्यावरून आईचं लाकडी कपाट जिन्यानं खाली आणतात आणि वळणावर ते अडकतं. ते कपाट उभं करतात, आडवं करतात, पुन्हा वर नेतात, पुन्हा खाली आणतात. कॅमेरा जागचा हलत नाही. खालून बाप सांगतो, जरा डावीकडे घ्या. वरचा विचारतो, माझं डावं की तुमचं? बाप बराच विचार करतो आणि म्हणतो, कपाटाचं.

सभागृहात एकदम शांतता होती. आणि बाबा हसले.

पेशंटचं तोंड उघडं असताना हसायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यामुळे त्यांचं हसू आधी खांद्यांत यायचं, आणि बहुतेक वेळा तिथेच जिरायचं. त्या दिवशी ते खांद्यांत मावलं नाही. चांगलं खळखळून बाहेर आलं. पुढच्या रांगेतल्या अध्यक्षबाईंनी मान वळवून पाहिलं. मी टिपणांचा कागद तोंडापुढे धरून बसले होते. माझी कीव आल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

पुढे सिनेमाभर ते कपाट तसंच वळणावर राहतं. घरातली माणसं त्याच्याखालून वाकून जातात, येतात. शेवटी बापही वाकतो. दिवे लागले तेव्हा दोघं-तिघं डोळे पुसत होते.

मी चर्चा सुरू करायच्या आतच दिग्दर्शक पुढे आला. तो थेट बाबांसमोर उभा राहिला.

“तुम्ही हसलात.”

“हो, हसलो.”

“तुमचाच नियम आहे म्हणे. ठेवा बोट.”

“कपाटावर,” बाबा म्हणाले. “वळणावर अडकतं तिथे.”

“ते कपाट काय आहे, कळलं तुम्हाला?”

“शिसवी असावं.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“ते दुःख आहे,” तो म्हणाला. “घराबाहेर न निघणारं. माझी आई गेली तेव्हा…” तो थांबला. त्याला पुढचं बोलता येईना, आणि आम्हाला कुणाला त्याच्याकडे बघता येईना.

बाबा खुर्चीवरून उठले. “हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं ऐकून. पण मी त्यांच्यावर हसलो नाही हो.”

“मग कशावर?”

बाबा उत्तर देणार होते. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. उत्तर तयार असलं की ते आधी ओठ मिटून घ्यायचे. पण तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले आमचे खजिनदार मागून म्हणाले, “बाकीचा सिनेमा सोसला तेच खूप झालं, डॉक्टर,” आणि कुणीतरी टाळी दिली. अध्यक्षबाई ताडकन वळल्या. “ज्यांना करमणूक हवी त्यांच्यासाठी शहरात थेटरं आहेत. इथे डोकं घेऊन यायचं असतं.”

“बाई, डोक्याबरोबर बाकीचं शरीरही येतं,” खजिनदार म्हणाले. “मला मागून कळ लागली होती.”

“तुम्हाला प्रतीक म्हणजे काय तेच…”

“प्रतीक, प्रतीक! गेल्या महिन्यात ती बादली प्रतीक होती. त्याच्या आधी तो लंगडा कुत्रा. साधा कुत्रा कधी दाखवणार?”

मग सगळेच बोलायला लागले. करमणूक हवीच असते की नाही, कंटाळा हाही अनुभव असतो की नाही, ज्याला समजावून सांगावं लागतं ते प्रतीक की कोडं. बाबा उभेच होते. मग ते खाली बसले. दिग्दर्शक भिंतीशी जाऊन उभा राहिला होता आणि बूट जमिनीवर घासत होता. शेवटी माझी पाळी आली. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला तो पोरगा.

मी म्हणाले, “दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चहा घेऊ या.”

घरी जाताना आम्ही पायीच निघालो. दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली. 

“बोट नाही ठेवलंस,” बाबा म्हणाले.

“तुम्हीही जरा दमानं घ्यायचं ना, बाबा. शिसवी काय, शिसवी!”

“त्यानं विचारलं कपाट काय आहे.”

“प्रतीक होतं ते.”

“असेल ना. पण प्रतीक असलं म्हणून अडकल्यावर गंमत येत नाही का? कपाटाला आधी कपाट तर होऊ द्या. पहिल्या फटक्यालाच दुःख झालं तर ते बिचारं अडकणार कशाला.”

“लोक रडत होते.”

“रडू दे की. मी कुठे कुणाला अडवलं?” ते थोडं चालले. “तुझी आई असती तर माझ्याआधी हसली असती. आणि तुला? तुला काय झालं तिथे?”

समोर रस्ता ओलांडायचा होता. गाड्या येत होत्या. मी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, “चला, मोकळा आहे.” पलीकडे गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर टोमॅटोचं सार गरम केलं, ते भाताबरोबर जेवले, बातम्या बघताना झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, बाबा दवाखान्यातल्या खुर्चीत गेले. त्यांच्या स्वतःच्या स्टुलावर नाही, पेशंटच्या खुर्चीत. पुढची पेशंट बाहेर मासिक चाळत बसली होती. दार उघडं होतं, तिला ते पाय लांब करून पडलेले दिसत होते. डॉक्टर जरा टेकलेत, असं तिला वाटलं. त्यांची झोपमोड नको म्हणून ती मासिक संपेपर्यंत थांबली.

माणसं आली, बसली, गेली. दादाही आला आणि गेला. तो दुसऱ्या शहरात पूल बांधतो. कामं अडली होती. दवाखाना आवरायला पुन्हा येतो म्हणाला.

महिनाभरानं दिग्दर्शकाचा फोन आला. “डॉक्टरांचं कळलं. मी त्या दिवशी जरा जास्तच…”

“नाही, ठीक आहे.”

“त्यांचं ऐकलं मी. तो प्रसंग काढून टाकला.”

“कुठला?”

“जिन्यावरचा. आधी राग आला होता. मग विचार केला, ज्या जागी माणसं हसणार, ती जागा सिनेमात कशाला? आता कपाट थेट वळणावरच दिसतं. कसं आलं, कुणी आणलं, काही नाही. अध्यक्षबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या हे फार वरच्या पातळीवर गेलं.” तो घाईघाईत बोलत होता. “सुरुवातीला डॉक्टरांना अर्पण केलाय. येत्या रविवारी तुमच्याकडे दाखवतो आणि सोमवारी प्रत बाहेर पाठवतो. एकदा गेली की गेली, मग हात लावता येत नाही. चर्चा तुम्हीच घ्याल ना?”

“ते कशावर हसले, ते त्यांनी सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले.

“त्यात सांगायचं काय होतं?”

मी हो म्हटलं.  बाबांचं हसू त्या मुलानं घेतलं होतं आणि त्याचा अर्थ लावला होता, आता तो छापूनही टाकणार होता. तो चूक आहे हे मी कशाच्या जोरावर म्हणणार होते? बाबांचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त माझं.

रविवारी सकाळी दादा आला. दवाखाना आमच्या घराच्याच पुढच्या भागात. खुर्ची दातांच्या कॉलेजला द्यायची ठरली होती. दादानं दोन हमाल बोलावले होते. खुर्चीचे बोल्ट आदल्या दिवशी मिस्त्रीनं सोडवून ठेवलेले. दादानं टेप काढून दार मोजलं, खुर्ची मोजली, पुन्हा दार मोजलं.

“हे कसं शक्य आहे? आत आली कशी ही?”

मला आठवलं. “आधी खुर्ची आली. मग बाबांनी एक्स-रेसाठी भिंत घालून घेतली. दार नंतरचं आहे.”

“आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“बाबा म्हणायचे, खुर्ची कुठे जायचीय?”

दादानं टेप खिशात टाकला. “तिरकी निघेल. पूल बांधतो मी, खुर्ची काय.”

हात टेकायची दांडी काढली, डोक्याची उशी काढली. खुर्ची तिरकी झाली, दारात आली आणि तिथे रुतली. दादा आत, मी आणि हमाल बाहेर. खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. भिंतीचा गिलावा सुटला. फळीवरचे दातांचे प्लास्टरचे साचे एकमेकांवर आपटले आणि त्यातली एक कवळी खाली पडून गोल फिरली.

“थोडी डावीकडे घ्या,” दादा आतून ओरडला.

पुढचा हमाल म्हणाला, “कुणाच्या डावीकडे, साहेब?”

 दादा दम खात होता.

“खुर्चीच्या,” मी म्हणाले.

हमालानं गंभीरपणे मान डोलावली आणि खुर्चीकडे बघत तिचं डावं शोधायला लागला. मग मला आवरेना. मी भिंतीला टेकले. पदर तोंडात धरला तरी आवाज बाहेर येत होता.

“हसतेस?” दादा म्हणाला. खुर्चीच्या वरून मला त्याचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. “बाबांची खुर्ची आहे ही. ह्याच खुर्चीत… तुला काही आहे की नाही?”

“आहे रे.”

“मग?”

 हमाल एकमेकांकडे बघायला लागले. थोरला म्हणाला, “ताई, आम्ही चहा घेऊन येतो,” आणि दोघं सटकले.

 दादाला बाहेर पडायला वाट नव्हती. मग तो दारात अडकलेल्या त्या तिरक्या खुर्चीतच बसला, कारण आत बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. आमच्या घरात नुसत्या खांद्यांवरून काही सांगता येत नाही. मी पलीकडून हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला. त्यानं झटकला नाही.

“खेळ किती वाजता आहे तुझा?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. 

“निघायलाच हवं. पण तू…”

“मी कुठे जाणार? मिस्त्रीला फोन करतो. चौकट काढायला लागेल. जा तू. आणि जाताना पाणी दे.”

मी खुर्चीवरून त्याला पाण्याचा तांब्या दिला. निघताना घरातल्या बाबांच्या टेबलावरची लवंगांची डबी पर्समध्ये टाकली.

तळघर भरलं होतं. बाबांची नेहमीची खुर्ची कडेची. तिच्यावर कुणीतरी पिशवी ठेवली होती. दिवे मालवले. पडद्यावर आधी अक्षरं आली: ‘डॉक्टरांना, ज्यांनी हसून माझी चूक दाखवली.’ अध्यक्षबाईंनी अंधारात माझा हात दाबला. मी डबी उघडली.

सिनेमा तोच होता. आई जाते. घर रिकामं व्हायला लागतं. आणि एकदम ते कपाट वळणावर असतं. माणसं त्याच्याखालून वाकून जातात. का वाकतात कळत नव्हतं. ती वाकताना सुंदर दिसत होती, संथ, एखाद्या चित्रातल्यासारखी. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ती दोन मुलं शोधत होते, घामेजलेली, चिडलेली, एकमेकांचं डावं-उजवं विचारणारी. ती कुठेच नव्हती. त्यांच्यावाचून ते नुसतं दुःख होतं. कुणी उचललेलं नाही, कुणाच्या बोटांवर पडलेलं नाही. सगळ्या सभागृहात कुणी हसलं नाही. कुणी डोळेही पुसले नाहीत.

दिवे लागले. मी पुढे जाऊन उभी राहिले. एकेकानं बोट ठेवलं, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांचं बोट कपाटावरच.

“कपाट कुठून आलं ते सांगितलंच नाही, ह्यातच सगळं आलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मला ती काळाची गाठ वाटली.”

“मला व्यवस्था वाटली,” एक तरुण म्हणाला.

“मला गर्भाशय,” त्याच्या शेजारची म्हणाली.

खजिनदार डोकं खाजवत म्हणाले, “मागच्या वेळेपेक्षा लवकर संपला, हे चांगलं झालं.” कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. दिग्दर्शक ह्या वेळी खुर्चीत बसला होता, पाय लांब करून, आणि प्रत्येकाच्या बोलण्यावर मान डोलावत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.  दोन वाक्यं बोलून चहा सांगता आला असता. दोन्ही बाजू तर ह्या वेळी नव्हत्याच, एकच बाजू होती.

“आता तुमचं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “डॉक्टरांच्या जागी तुमचं बोट.”

“जिन्यावर,” मी म्हणाले. “दोघं कपाट खाली आणतात आणि ते अडकतं तिथे.”

कुणाला आधी कळलंच नाही. मग बाई सावकाश म्हणाल्या, “तो प्रसंग सिनेमात नाही. नसलेल्या जागेवर बोट ठेवता येत नाही. नियम आहे.”

“दात काढला तरी जीभ तिथेच जाते, बाई.”

“हे बघा, आम्ही समजू शकतो. आजचा दिवस तुमच्यासाठी…”

“आजच्या दिवसाचं नाही.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “त्या दिवशीचं आहे. माझं त्या दिवशीचं बोट ठेवायचं राहिलंय.”

दिग्दर्शकानं पाय जवळ घेतले. “तुम्हाला म्हणायचंय, मी तो काढायला नको होता? डॉक्टर हसले म्हणूनच तर…”

“ते कशावर हसले ते मला माहीत नाही. तुम्ही विचारलं होतंत. त्यांना उत्तर द्यायचं होतं. आम्ही सगळे मधे बोललो आणि ते बसले. त्यांच्या वतीनं मी बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलू नका. ती पहिली पाटी काढा.”

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. अध्यक्षबाई उठायला लागल्या, मग बसल्या. दिग्दर्शकाचे कान पुन्हा लाल झाले होते.

“आणि तुम्ही?” त्यानं विचारलं. “तुम्ही तर त्यांच्या शेजारी होतात. कागद तोंडासमोर धरलेला पाहिला मी. तुम्हाला त्यांची लाज वाटली, हे सगळ्यांनी पाहिलं.”

“लाज नव्हती ती.”

“मग?”

दाढेखालची लवंग फुटली होती. जीभ बधिर झाली होती. मला दारात अडकलेली खुर्ची दिसली, दादाचं कपाळ दिसलं, खुर्चीचं डावं शोधणारा हमाल दिसला.

“मीही हसत होते,” मी म्हणाले. “घरातलं माणूस जातं आणि आपल्या हातात त्याचं जड सामान येतं, आणि आपण एकमेकांना विचारत राहतो, डावं कुणाचं. तुमची आई मला त्या एकाच ठिकाणी खरी वाटली. परत जोडा तो. लोक हसले तर हसू द्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला.  मग खालच्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाला विचारावं तसं, म्हणाला, “तो प्रसंग आम्ही ठरवलेला नव्हता. खरंच अडकलं होतं. आमच्याच घरी. मी तेव्हा हसलो होतो, म्हणून मला…”

 खजिनदारांनी कडेच्या खुर्चीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, का ते त्यांनाच माहीत. खुर्ची रिकामी झाली. मी तिच्याकडे वळले. इतकी माणसं बघत होती, तरी आवाज खाली आणावासा वाटला नाही.

“मलाही हसू आलं होतं, बाबा.”